आप्पांची पहिली लीड

ऑनलाइन सर्व्हेला बोहनी लागत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाजीच्या पाटीला लागते, किराणा दुकानाला लागते, मग कॉम्प्युटरमधल्या कोऱ्या कागदाला का नको, असं वाटून मी ती आपल्या हातानं करून टाकली. माझ्याच धंद्याचं खोटं गिऱ्हाईक होऊन. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते, त्यामुळे लहान होते म्हणून सुटायचीही सोय नाही. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात आणि मला जे म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण त्याआधी आप्पा कळायला हवेत. आप्पा आमचे सणसवाडीतले शेजारी. सगळी नोकरी त्यांनी दौंड स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागं काढलेली. आयुष्यभर लोकांनी त्यांना प्रश्न विचारले. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता आपली पाळी. आणि ते नुसता प्रश्न विचारत नसत, पर्यायांसकट विचारत.

सकाळी माझ्या दारात उभे राहायचे. "ताई, आज तब्येत कशी? अ, बरी. ब, बरी न्हाई. क, यापैकी न्हाई."

"आप्पा, माझ्या चपात्या करपतायत."

"म्हंजी ब," असं म्हणून निघून जायचे.

एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता, तर गुरुजींना म्हणाले, "कथा कशी घेताय? अ, सविस्तर. ब, थोडक्यात. क, डायरेक प्रसाद." मागं बसलेल्या बायकांनी एकमुखानं 'क' म्हटलं. गुरुजी त्यानंतर बरेच दिवस आमच्या गल्लीतून जाताना मान खाली घालून जायचे.

मुलाच्या नोकरीपायी आप्पा सणसवाडीला आले होते. मग मुलाची बदली गुजरातला झाली, तो बायकामुलांना घेऊन गेला आणि आप्पा मागं राहिले. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही गेलात? म्हणाले, "अ, तिकडची भाषा येत न्हाई. ब, हवा मानवत न्हाई. क, कुणी चला म्हणालं न्हाई. टिक तुमी लावा." मी हसले. मला वाटलं, गंमतच करतायत. आप्पा आपल्या खोलीत हातानं करून खायचे. चिकट माणूस आहे, डब्याचे पैसे वाचवतोय, असा मी शिक्काही मारून ठेवला होता. अर्ध्या सणसवाडीला जेवू घालणाऱ्या बाईची अक्कल बघा.

हो, माझा डब्यांचा धंदा होता. आमचे मालक, म्हणजे नवरा, कंपनीत कंत्राटावर; आज आहे उद्या नाही. घर चालायचं ते डब्यांवर. आणि शेजारच्या कंपनीनं स्वतःचं कॅन्टीन काढलं. बघता बघता निम्मे डबे बंद झाले. मालक म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. न्हाईतर शेगड्या विकू आन् खुटबावला जाऊ." खुटबाव म्हणजे माझं सासर. एका चुलीपुढं मी आणि सासूबाई, हे चित्र डोळ्यांपुढं आलं की माझी भूक मरायची.

आप्पांच्या कानावर हे गेलं. ते नुकतेच शिरूरला एका हॉलात छोट्या धंदेवाल्यांसाठीचं व्याख्यान ऐकून आले होते. स्वतःचा धंदा नव्हता, पण लोकांना प्रश्न कसे विचारायचे ते तिथं शिकवणार होते, एवढ्यावर गेले. येताना एक नवा शब्द घेऊन आले.

"ताई, गिऱ्हाइकाची वाट बघायची न्हाई. आधी लीड काढायची."

"कशातनं काढायची?"

"सर्व्हेतनं. ऑनलाइन. माणसाला आधी विचारायचं, बाबा, जेवणाचं तुझं काय दुखणं हाय? तो सांगतो. खाली नाव आन् खोली लिवतो. झाली लीड. मग आपण डबा घेऊन हजर."

"आणि त्यानं खोटंच लिहिलं तर?"

"खोटं कशापायी लिवंल कोण?" आप्पा म्हणाले.

हायवेला एक सायबर कॅफे होता. कंपनीतले परप्रांतीय कामगार तिथं गावी जायचं रेल्वेचं तिकीट काढायला यायचे, मेल बघायचे. आप्पांनी कॅफेवाल्याला घोळात घेतलं आणि कुठलाही कॉम्प्युटर चालू केला की आधी आमचा सर्व्हे उघडेल अशी सोय करून घेतली. प्रश्न हिंदीत, अक्षरं इंग्रजी. तुमचं जेवण कोण करतं? आई, बायको, मी स्वतः, की देव जाणे? भाजी कशी वाटते? तिखट, अळणी, की कालचीच? शेवटी एक प्रश्न होता, जेवताना समोर कोण असतं? मी म्हटलं, आप्पा, याचा डब्याशी काय संबंध? ते म्हणाले, असू द्या.

सर्व्हे लागला आणि कुणी उत्तर देईना. लोक यायचे, आमचा कागद बंद करून आपलं तिकीट बघायचे. आप्पा रोज संध्याकाळी कॅफेत जायचे आणि गुपचूप परत यायचे. तब्येत विचारली तर नुसतं "बरी" म्हणायचे. अ नाही, ब नाही. मग मात्र मला काळजी वाटली.

एका दुपारी, आप्पा झोपलेत असं बघून, मी कॅफेत गेले. एका बोटानं टायपिंग करत सर्व्हे भरला. नाव मुकेश. गाव बिहारमधलं. खोली हायवेच्या मागच्या चाळीत, कुठली ते काही सुचलं नाही म्हणून 'पीछे' एवढंच लिहिलं. जेवण कोण करतं? देव जाणे. आता आवडीचा पदार्थ काय लिहावा? बिहारी माणूस काय खातो ते मला कुठं माहीत. मनात आलं ते लिहिलं. हुलग्याचं माडगं, आमच्याकडची कुळथाच्या पिठाची पातळ पेज.

संध्याकाळी आप्पा धावतच आले. "ताई, लीड आली. मुकेश. आजच्या आज माडगं करा."

खरं सांगायची ती वेळ होती. मी हुलग्याचं पीठ काढलं.

आप्पा डबा घेऊन चाळीत गेले. खोली खोली हिंडले. परत आले ते रिकामा डबा घेऊन. "मुकेश दोन निघाले. पर माडगं कुणाचंच न्हाई. आणलंय तर चाखा म्हनलं, सगळ्यांनी चाखलं."

"काय म्हणाले?"

"एक म्हनला, ही दवा कशावर हाय?"

दुसऱ्या दिवशी परत निघाले. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक खोलीत मुकेशची चौकशी करायची, नसला तर डबा तिथंच उघडायचा, आणि निघताना सांगायचं, कॅफेत जाऊन आमच्या प्रश्नांची उत्तरं द्या. आणि खरंच, लोक उत्तरं द्यायला लागले. एकानं लिहिलं, डाळीत गूळ घालू नका. एकानं लिहिलं, भात जास्त, चपाती कमी. एकानं लिहिलं, प्रत्येक भाजीत शेंगदाणे असतात हे मी घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. रात्रपाळीवाल्यांना डबा संध्याकाळी उशिरा हवा होता. त्यांचा विचार आजवर कुणी केलाच नव्हता, मी तर नाहीच. प्रत्येकानं खाली नाव लिहिलं, खोलीसुद्धा.

मी डाळीतला गूळ काढला, जीव तुटत होता तरी काढला. भात वाढवला, रात्रपाळीचा डबा सुरू केला. दसऱ्याला शेगड्या विकायच्या राहिल्या, उलट एक मोठी आणावी लागली. मालक शेगडीला हार घालताना म्हणाले, "खुटबावचं पुढच्या साली बघू." पुढचं साल कधी आलं नाही. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी मालकांनी चहा करून उठवलं.

आता सगळं मार्गी लागलं होतं. फक्त आप्पांचं मुकेशला शोधणं काही थांबेना. डबे पोचवायला माणूस ठेवला होता, तरी हे रोज दुपारी टोपी घालून दारात हजर. "ताई, माडगं झालं का? मुकेश राहिलाय." आणि मी रोज मुकाट्यानं माडगं करायची, म्हातारा माणूस माझ्या थापेपायी उन्हात हिंडतोय हे बघायची.

एक दिवस ते ठेच लागून अंगठा फोडून आले. हळद लावताना मला राहवलं नाही.

"आप्पा, उद्यापासून जाऊ नका. तो मुकेश म्हणजे मीच. सर्व्हेची बोहनी केली मी."

मी ओरडा खायची तयारी ठेवली होती. पण आप्पा म्हणाले,

"मुकेश न्हाई हे मला पयल्याच दिशी कळलं, ताई. बिहारचा मानूस माडगं कशाला मागंल? पर तिथं एकानं मला बसाय बादली पालथी घातली आन् म्हनला, चाचा, खाना खाया क्या? मग दुसऱ्या दिशी मी परत मुकेशला शोधाय गेलो."