तांब्याच्या कुंचल्याची आणि मुक्या यानाची हकीकत

श्रीसूर्यनारायण वरून सर्व पाहतो, त्यास साक्ष ठेवून लिहिलें ऐसे जे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, भाद्रपद मासीं एका राज्यांत भानजीपंत आवरणखात्याचे कारभारी होते. आकाशयानाचें पांघरूण दसऱ्याआधीं पसंत करून दिलें तर पंतांस लाभ काय? तर मुख्य कारभार, रेशमी शेला, दरबारीं उजव्या हाताची बैठक, आणि व्याह्यांपुढें ताठ मान. नुकसानीचा रकाना पंतांनी आंखिलाच नाहीं.

पांघरूण म्हणजे पातळ पापुद्रा, विजेस वाट न देणारा. आकाशांत सूर्याचे कण त्यांत शिरतात आणि तेथेंच मुक्काम करितात, सांठा वाढत जातो, आणि मग एके दिवशीं कडाका होऊन यंत्रें जळतात. म्हणोन खात्यांत हवा काढिलेल्या पात्रांत पापुद्रा ठेवून त्यावर कणांचा मारा करीत आणि सांठा मोजीत. परंतु पूर्वीं सरकारस्वारीनें पापुद्र्यास बोट लाविलें, झटका बसला आणि पगडी पडली. तेव्हांपासून शिरस्ता ऐसा कीं, मारा थांबतांच पात्र उघडावें, जमिनीस तार जोडिलेला तांब्याचा कुंचला फिरवावा, आणि मग सरकारांपुढें मोजणी करावी. मोजणी सदा शून्य निघे आणि सर्व संतोष पावत.

मोजणीदार चिमाबाई पंतांस एकांतीं म्हणाल्या, "पंत, आपण आधी पुसतो आणि मग ओलं आहे का बघतो. वर कुंचला घेऊन कोण बसलंय?" पंत हसोन बोलिले, "आणि पुन्हा झटका बसला तर पगडी तुम्ही उचलणार काय, बाई?" "पगडीचं राहू द्या. कोळ्यांना वादळाची वर्दी देणारं यान आहे हे. एकदा पात्र न उघडता, आतल्या आत मोजू द्या." पंतांनी दार लावून मोजूं दिलें. कांटा शेवटास जाऊन टेकला. मारा थांबून तीन दिवस झाले तरी उतरेना, आणि चौथे दिवशीं पात्रांत निळी ठिणगी तडकली. पंतांनी ती डोळ्यांनी पाहिली. मग दसऱ्यास किती दिवस राहिले तें बोटांवर मोजिलें, आणि कागदीं शून्य लिहून मोर्तब केलें. "पुढच्या यानाला बघू हो," म्हणाले.

यान चढलें, शेला आला. चैत्रीं सूर्य खवळला, पांघरुणांत कडाका झाला आणि यान मुकें झालें. वैशाखांत वादळ आलें, वर्दी आली नाहीं, आणि नऊ कोळ्यांच्या दोन होड्या परतल्या नाहींत. चौकशी पौषांत बसली. एका बुडाल्या होडीच्या तांडेलाची बायको दरबारीं उभी राहून पुसती झाली, "आमचं मानूस त्याच्याच भरवशावर दर्यात गेलं, सायेब. त्यो डबा गप का ऱ्हायला?" पंत सांगावयास उठले. कोरड्या थंडीनें अंगावरचा शेला चटकन तडकला आणि बोटास झटका बसला. पंतांनी एकवार शेल्याकडे पाहिलें, आणि मग म्हणाले, "सूर्याचा कोप, बाई." मोजणी चुकली ऐसें ठरवून चिमाबाईंस घरीं बसविलें. त्या उठतांना इतकेंच बोलिल्या, "पंत, ती ठिणगी तुम्ही तरी पाहिली होतीत ना?" पंत शेला सांवरून बैठकीवर बसले.

एकूण हिशेब ऐसा: शेला आणि बैठक पंतांकडे, दोष सूर्याकडे, चाकरी गेली ती चिमाबाईंची, आणि भरलें तें नऊ कोळ्यांनी.