शेंगदाण्यांची गुप्त भाषा

शनिवारी सकाळी दाढी करता करता पद्माकरनं एक साधाच निर्णय घेतला. आज पत्ते खेळताना आपल्या पानांकडे कमी बघायचं आणि उल्हासच्या तोंडाकडे जास्त. माणसानं असे निर्णय दाढी करताना घेऊ नयेत. गालही कापतो आणि सुट्टीही वाया जाते. (त्याचं दोन्ही झालं.)

जूनची सुट्टी होती. सिंगापुरात बारा महिने उन्हाळाच, पण सुट्टीतल्या उन्हाळ्याची चव न्यारी. जुरोंग ईस्टहून त्याचा मित्र उल्हास आणि उल्हासची बायको सविता दोन दिवस बिशानला पद्माकरच्या फ्लॅटवर राहायला येणार होते. दुपारी मेंढीकोट, संध्याकाळी सिनेमा, रविवारी गाणी, असा बेत. सिनेमा जाई निवडणार, म्हणजे पद्माकरची लेक. स्वयंपाक सगळ्यांनी मिळून, म्हणजे त्याच्या बायकोनं, संजीवनीनं.

घोर होता तो मेंढीकोटाचा. तसा खेळ सरळ. समोरासमोर बसलेले दोघं जोडीदार, दश्शी म्हणजे मेंढी, आणि ज्यांनी जास्त मेंढ्या ओढल्या ते जिंकले. पुण्याच्या कॉलनीत पद्माकर-संजीवनी ही जोडी वर्षानुवर्षं कुणाला हरली नव्हती. गणपतीतल्या स्पर्धेत मिळालेला कप सिंगापूरपर्यंत आला होता. आणि इथं उल्हास-सवितापुढे दर खेपेला हार! शेवटी संजीवनीनं सांगून टाकलं होतं, "हे बघा, याही वेळी हरलो तर पुढच्या खेपेपासून मी सविताबरोबर बसणार. तुमचं आणि उल्हासभाऊजींचं तुम्ही बघा."

लग्नाची बायको पत्त्यात सोडून जाणार म्हटल्यावर माणसाला अन्न गोड लागत नाही. त्यात पद्माकर बँकेत ऑडिटला. दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस. आपलं काही चुकत असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. उल्हास-सविता खाणाखुणा करतात, एवढं त्यानं नक्की करून टाकलं.

दुपारी डाव मांडला. पद्माकर पानं लावत, मधूनच काहीबाही गुणगुणत, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पहारा देत होता. उल्हासनं कान खाजवला.

"कान का खाजवलास?"

"खाज आली म्हणून."

"नेमकी आत्ताच?"

"आता खाजेला काय मुहूर्त बघायला सांगू?"

मग सविता म्हणाली, "वहिनी, चहात साखर जरा कमीच हं." पद्माकरनं ते मनात टिपलं. साखर कमी म्हणजे चौकट संपली! त्यानं त्या हिशेबानं पान टाकलं. चौकट काही संपली नव्हती. सवितानं त्याची मेंढी अलगद उचलली आणि चहाही प्यायली, बिनसाखरेचा.

संध्याकाळी जाईनं खुनाचा सिनेमा लावला. खोलीत अंधार, एसी गार, मध्ये शेंगदाण्यांची वाटी. सगळे पडद्याकडे बघत होते आणि पद्माकर वाटीकडे. तो संजीवनीच्या कानाशी लागला. "बघितलंस? तिनं आधी तीन दाणे घेतले. मग एक. मग थांबली."

"मग?"

"ही त्यांची भाषा आहे!"

"अहो, तिला भूक लागलीय. मराठीतच लागलीय."

सिनेमा संपल्यावर जाईनं विचारलं, "बाबा, खुनी कोण वाटला होता?"

"सविता," पद्माकर तंद्रीत बोलून गेला.

"अय्यो बाबा, सो कियासू, लाह!" जाई म्हणाली. (कियासू म्हणजे हरण्याला फार भिणारा माणूस. हा शब्द या बेटानं बहुतेक पद्माकरसाठीच जपून ठेवला असावा.)

रविवारी त्यानं कडक बंदोबस्त केला. टीव्ही बंद. चहा बंद. दाणे कपाटात. उल्हासला सवितासमोर काळा चष्मा घालून बसवलं. बिचारा गाऱ्हाणं घालायला लागला, "अरे, मला इस्पिक कुठलं, किल्वर कुठलं, कळेना झालंय!" तरीही पहिला डाव उल्हासनंच मारला.

पद्माकरनं पानं आपटली. "कबूल कर उल्हास! कशी करता खूण? शिंकेनं? श्वासानं?"

उल्हासनं चष्मा काढला, सविताकडे बघितलं. सविता म्हणाली, "सांगून टाका हो. किती दिवस छळायचं त्यांना."

"पद्माकर, रागावू नकोस," उल्हास म्हणाला. "खुणा तूच करतोस. हातात मेंढी आली की तू गुणगुणतोस. बदामाची असली की भावगीत. चौकटची लावणी. इस्पिकचा पोवाडा. किल्वरचं भजन."

पद्माकरला आठवेना आपण कधी गुणगुणलो ते, पण ऑडिटवाल्याला पुरावा म्हणजे पुरावा. त्यानं तोंडात मोठी आवळा सुपारी टाकली आणि म्हणाला, "पानं वाट. आता शेवटचा डाव. यावरच काय तो निकाल."

पानं आली. पद्माकरकडे बदामाचं एकच पान, आणि तेच नेमकं दश्शी. ओठ घट्ट मिटून तो दगडासारखा बसला. उल्हासनं बदामाचा राजा टाकला. पुढची पाळी संजीवनीची. पद्माकर मनात ओरडत होता, एक्का टाक, एक्का! संजीवनीनं बराच विचार केला आणि दुर्री टाकली. सवितानं छक्की. पद्माकरला दश्शी टाकावीच लागली, आणि ती मेंढी उल्हासच्या राजामागे गेली. तिथून डाव घसरला तो घसरलाच. चारही मेंढ्या समोरच्यांकडे. कोट!

"एक्का होता ना तुझ्याकडे?" पद्माकर किंचाळला.

"होता की. मेंढीसाठी राखून ठेवला होता."

"मेंढी माझ्याकडे होती!"

"मला काय माहीत!" संजीवनीही चिडली. "भावगीत कुठं लागलं तुमचं?"

बोलून गेली आणि जीभ चावली. सविता तोंडाला पदर लावून हसायला लागली. उल्हासनं कपाळाला हात लावला. "म्हणजे वहिनी, पुण्यातल्या त्या सगळ्या स्पर्धा..."

"हो. गाण्यावरच." संजीवनी खाली बघत म्हणाली. "तिथं कुणाचं लक्ष नसायचं. इथं तुम्हाला कळलं, तिथंच घात झाला."

पद्माकरनं गणपतीतल्या त्या कपाकडे बघितलं. दोन दिवस ज्या चोरांच्या मागावर होता, ते त्याच्याच जोडीत निघाले होते. तो पडेल आवाजात म्हणाला, "ठरल्याप्रमाणे तू आता सविताबरोबर बस."

"नको बाई," संजीवनी घाईघाईनं म्हणाली. "दुसऱ्या कुणाबरोबर बसायचं तर मला पत्ते यायला हवेत. आपलं आहे तेच बरं."

पद्माकरला एकदम बरं वाटलं. बायको राहिली, जोडी राहिली. त्यानं सुपारी काढून बशीत ठेवली, छाती जरा पुढे काढली आणि म्हणाला, "काही म्हणा, पण पानागणिक वेगळं गाणं ओळखू यावं, म्हणजे गळ्यात काहीतरी असणारच. नाही का रे उल्हास?"

उल्हासनं पानं पिसता पिसता थोडा विचार केला.

"तसं नाही. आम्ही आधी चेहऱ्यावरून ओळखायचो. ते किल्वरचं भजन आहे, हे मधेच 'विठ्ठल' ऐकू आल्यावर कळलं."