निळ्या झडपांचं हॉटेल

एखादी जागा एकदा पाहिली की मी डोळ्यांवर पट्टी बांधूनही तिथे पोचते. त्यामुळे मोंतेलला निघताना माझ्या नवऱ्याने, बास्तियांने, हॉटेलचं नाव विचारलं, तेव्हा मी हसले. "नाव कशाला? खिडक्यांना निळ्या झडपा असलेलं गावात एकच हॉटेल आहे."

लग्नानंतर आम्ही तिथे सकाळी अकरापर्यंत झोपलो होतो. लिझों झाल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, त्या झोपेच्या आठवणीनेच मला रडू यायचं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ठेव पोरीला माझ्याकडे. मी चार वाढवलीत, त्यातला एक तर तूच घेऊन गेलीस." मी त्यांना तीन पानी सूचना लिहून दिल्या.

मोंतेलला उतरले आणि मान वर केली. राखाडी झडपा. पुढची गल्ली, राखाडी. चर्चसमोर, राखाडी. अख्खं गाव एकाच ताग्यातून कापलेलं.

"पट्टी बांधू का?" बास्तियांने विचारलं.

ओळखीचा वाटला तो दरवाजा मी ढकलला आणि आत बॅग टेकवली. एक आजोबा सूप पीत बसले होते.

"खोली मिळेल?"

"आहे की. पण तिच्यात माझी मेव्हणी राहते. तिला घेऊन जाणार असाल तर या."

मी निळ्या झडपांचं विचारलं.

"जुन्या वास्तूंवाले साहेब आले आणि म्हणाले, ऐतिहासिक गावाला रंग एकच. आता मीसुद्धा दारं मोजत घरी येतो. निळं हवं तर मागच्या चढाने जा. साहेबांचा गुडघा दुखतो, तिकडे ते फिरकत नाहीत."

हॉटेल मागून अजून निळंच होतं. खोलीही तीच मिळाली. दुपारचे तीन वाजलेले. झडपा ओढल्या, बास्तियां मिनिटभरात घोरू लागला. मी सासूबाईंना फोन केला.

"झोपलीय ती," त्या कुजबुजल्या. "आता तूही झोप, बाई."

तेवढ्यात शेजारच्या खोलीत बाळ रडलं. भुकेचं नव्हे, दात येतानाचं रडणं. आपलं नाही, असं स्वतःला बजावून मी दहापर्यंत मोजायला लागले. सातावर मी त्यांच्या दारात होते. दार उघडणारीच्या डोळ्यांखाली थेट माझीच वर्तुळं होती.

"देता जरा माझ्याकडे?"

तिने विचारसुद्धा न करता बाळ माझ्या हातात दिलं.

तासाभराने बास्तियां खाली अंगणात आला. माझ्या खांद्यावरच्या बाळाकडे बघतच राहिला. "मी किती दिवस झोपलो होतो?"

वर झडपांआड त्या बाळाची आई गाढ झोपली होती. मी तिला उठवलं नाही. चांगुलपणा वगैरे काही नाही हो. उठली असती, तर बाळ परत मागितलं असतं.