कपाटाच्या मापाचं घर

"दादा, एवढं मोठं कपाट तिकडच्या घराच्या दारातून आत जाणार कसं?"

धाकट्यानं हे शेडमध्ये विचारलं, तेव्हा दादाच्या तोंडात सहा स्क्रू होते. दादा सुतार माणूस, स्क्रू नेहमी दातांत धरायचा. तो नुसता "हं" म्हणाला. धाकटा उत्तरासाठी थांबला नाही, कारण थांबणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. (शाळेतही तो सहावीपर्यंतच थांबला.) तीन आठवड्यांनी साध्या तापाचं निमित्त झालं, दादा गेला आणि उत्तर राहूनच गेलं. मग त्यानं तेच आईला विचारलं, वहिनीला विचारलं. आईनं तोंड फिरवलं, वहिनी उठून आत गेली.

कपाट सात फूट उंच, सहा फूट लांब आणि अडीच फूट खोल होतं. वहिनीला परदेशात एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. तिकडच्या घरात सगळ्यांचे कपडे, अंथरुणं एकाच जागी राहावीत म्हणून दादानं ते केलं होतं. दादा नसताना जायचं की नाही, यावर घरात आठ दिवस कोणी बोललं नाही. नवव्या दिवशी वहिनीनं बॅगा काढल्या. धाकट्यानं कपाटाला दोरी गुंडाळली, सात गाठी मारल्या आणि जाहीर केलं, "हे पण येणार." दादा गेल्यापासून त्यानं ते एकदाही उघडलं नव्हतं. दुसऱ्या कोणाला उघडूही दिलं नव्हतं.

तिकडे पोचल्यावर इस्पितळानं सहा महिन्यांपुरतं क्वार्टर दिलं. जहाजानं आलेलं कपाट गोदामात गेलं. सहा महिन्यांत घर घ्यायचं होतं, तेही वहिनीच्या एकटीच्या पगारात बसणारं.

घरं दाखवायला एक बाई यायची. तिच्याकडे किल्ल्यांचा एवढा जुडगा असे, की पुतणीनं तिचं नाव किल्लीवाली ठेवलं. किल्लीवाली दार उघडून खिडक्या, नळ, उजेड दाखवू लागे, तोवर धाकटा उंबऱ्यात उकिडवा बसून टेपनं चौकट मोजत असे.

"दोन फूट तीन इंच," तो खालूनच सांगायचा. "चला, पुढचं बघू."

अशी पाच घरं झाली. एका जुन्या गोदामाला मात्र त्यानं लगेच पसंती दिली, कारण त्याला शटर होतं. (संडास नव्हता. पण संडास काय, नंतरही बांधता येतो.)

सहाव्या घरात वहिनी स्वयंपाकघरात उभी राहिली ती हलेचना. इस्पितळ दहा मिनिटांवर, शाळा मागच्या गल्लीत, आणि आईच्या गुडघ्यांची सोय म्हणून न्हाणीघर खालीच.

"दोन फूट तीन," उंबऱ्यातून आवाज आला.

"भाऊजी, आपण घरासाठी कपाट आणलंय की कपाटासाठी घर घेतोय?"

"दादानं केलंय ते."

"मला माहीत नाही का, कुणी केलंय?"

किल्लीवालीला भाषा कळत नव्हती, पण ती किल्ल्या वाजवायची थांबली. शेवटी आई पायरीवर टेकली. "या महिन्यात क्वार्टर सोडायचंय. मला तुमच्या त्या शटरमध्ये झोपवणार आहात का?"

धाकटा उठला. "घ्या हे घर. कपाटाचं मी बघतो."

त्याचं बघणं म्हणजे काय असतं, हे ठाऊक असूनही वहिनीनं सही केली, ही तिची चूक.

ताबा मिळाला त्या सकाळी वहिनी ड्यूटीवर गेली आणि धाकट्यानं पहार काढली. अर्ध्या तासात दार निघालं, चौकट निघाली, चौकटीबरोबर हातभर गिलावा निघाला आणि कुणी न सांगता बेलही निघाली. मग ट्रक आला. दोन हमालांनी कपाट आडवं करून आत सारलं. ते तीन फूट गेलं आणि अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. निम्मं कपाट घरात आणि निम्मं रस्त्यावर. आई आणि धाकटा आत, हमाल आणि पुतणी बाहेर.

"आता मी संध्याकाळपर्यंत इथंच का?" आईनं विचारलं.

"लोटा!" धाकटा आतून म्हणाला. हमालांनी लोटलं. भिंतीनं आणखी थोडा गिलावा दिला.

एवढ्यात सकाळची ड्यूटी संपवून वहिनी आली. गणवेशातच होती. तिनं रस्त्यातलं कपाट पाहिलं, कपाटामागं नसलेलं दार पाहिलं आणि हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"भाऊजी."

"वहिनी, थोडंच राहिलंय. करवत आणतेस का? भिंतीला लावतो."

तोवर ओढाताणीत दोरी तुटली होती. कपाटाचं रस्त्याकडचं दार आपोआप उघडलं होतं आणि पुतणी रांगत आत शिरली होती.

"काका, इथं बाबांचं अक्षर आहे."

हमालांनी कपाटावरचे हात काढले.

"काय लिहिलंय?" धाकट्याचा आवाज कपाटाच्या पलीकडून आला.

पुतणी एकेक अक्षर लावून वाचू लागली. "सोळा स्क्रू. काढले की फळ्या सुट्या. खुणा बघून परत जोडणे." मग थोडं थांबून, "खाली अजून एक आहे. धाकट्यास सूचना, ठोकू नये."

वहिनी तिथंच पायरीवर बसली. आधी वाटलं, रडते आहे. पण ती हसत होती. गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसत, थांबत आणि पुन्हा हसत होती. आत आईलाही हसू आलं. दादा गेल्यापासून घरातलं कोणी पहिल्यांदाच हसत होतं. धाकटा मात्र कपाटाला कपाळ टेकून बराच वेळ तसाच उभा राहिला. मग नाक पुसून म्हणाला, "पेचकस द्या."

फळ्या सुट्या झाल्या. एकेक फळी आरामात आत गेली. (चौकट जागेवर असती, तरी गेली असती.) दुपारभर धाकटा खुणा बघून त्या जोडत होता, एकला एक, दोनला दोन. ठोकलं काहीच नाही.

"कपाट झालं," वहिनी म्हणाली. "आता दाराचं काय?"

धाकट्याच्या तोंडात सहा स्क्रू होते. तो "हं" म्हणाला.

चौकटवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. संध्याकाळ झाली, तशी नुकत्याच जोडलेल्या कपाटात ठेवलेली सगळ्यांची अंथरुणं बाहेर निघाली. धाकट्यानं आपली गोधडी घेतली आणि दार होतं त्या जागी रस्त्याकडे पाठ करून बसला.

"अरे, वारा येतोय," आतून आई म्हणाली. "दार नीट लाव."

तो थोडा डावीकडे सरकला.