पुराव्यावर बांधलेले घर

"रणथंभोरच्या गडावरचा एकही दगड मला विचारल्याशिवाय हलत नाही!"

हे वाक्य मी जयपूरच्या चर्चासत्रात भर सभेत उच्चारले तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत डॉ. हेमेंद्र भंडारी नव्हते. ते नुसते हसत होते. इतरांच्या दोन ग्रंथांवरून आपला तिसरा ग्रंथ तयार करणाऱ्या माणसाच्या मुद्रेवर जी अखंड प्रसन्नता असते, ती भंडारींच्या मुद्रेवर झोपेतही असावी.

भंडारींचे म्हणणे असे, की गडावरचे धाकटे तळे एका सावकाराने बांधले. माझे म्हणणे, ते राणीने बांधले. या प्रश्नावर मी एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे, आणि भंडारींनी ते न वाचता खोडून काढले आहे. अडचण एवढीच, की तळ्याचा शिलालेख मधोमध फुटलेला. वरचा अर्धा भाग संग्रहालयात आहे. त्यात गणेशाला नमन आहे, तिथी आहे, तळ्याच्या पाण्याची सहा ओळी स्तुती आहे, आणि 'हे तळे ज्यांनी बांधविले' एवढे म्हणून दगड संपतो! सहा ओळी पाण्यावर खर्च करणाऱ्या त्या कवीला एक नाव आधी लिहायचे सुचले नाही. कवी तेव्हाही तसेच होते.

"येत्या सोमवारी," मी भंडारींकडे बोट रोखून म्हणालो, "खालच्या अर्ध्या भागाचा ठसा या टेबलावर ठेवतो. नाही ठेवला, तर ते प्रकरण मी माझ्या हाताने मागे घेईन!"

"अवश्य ठेवा, पारीकजी," भंडारी म्हणाले. "चहा लांब ठेवायला सांगतो."

हा नुसता आवेश नव्हता. तो दगड कुठे असणार, हे मला पक्के ठाऊक होते. तो चोरीला गेला नव्हता. चोरी करायला पारख लागते. तो घरबांधणीत गेला होता. गडावरच्या त्रिनेत्र गणेशाचे दर्शन झाले, की आमच्याकडचे भाविक पडक्या भिंतींतले सुटे दगड गोळा करतात, एकावर एक रचून टीचभर घर उभारतात, हात जोडतात आणि 'देवा, असंच पक्कं घर आम्हाला दे' असे सांगून खाली उतरतात. धाकट्या तळ्याच्या काठावर तर अशा घरांची एक वसाहतच आहे. जे तट तोफांना दाद देत नव्हते, ते या श्रद्धेने खडी करून संपवत आणले आहेत.

बुधवारी मी ठशाचा कागद, ब्रश, शाई आणि पाण्यासाठी एक तांब्या घेऊन निघालो. बरोबर पत्नी होती. गुलाबला दर्शन घ्यायचे होते. गुलाबने लग्नानंतर मला एकच प्रश्न विचारला आहे, आणि तो म्हणजे सवाई माधोपूरच्या या दोन भाड्याच्या खोल्यांतून आपण कधी निघणार. त्याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही ग्रंथात आढळलेले नाही. ग्रंथ मात्र दोन्ही खोल्यांत मावेनासे झाले आहेत.

चढाच्या पायथ्याशी सफारीची एक उघडी गाडी आमच्याजवळ थांबली. वीसएक डोकी, तितक्याच टोप्या.

"काका, दिसला का?"

"काय?"

"वाघ हो!"

"आपल्या उजव्या हाताला ही तटबंदी आहे," मी म्हणालो. "ती दिसली का?"

सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. "तिच्यावर बसलाय का?"

मी पुढे चाललो. ज्या देशात वाघाला नाव, क्रमांक आणि वंशावळ असते, आणि तट कोणी बांधला हे विचारणाऱ्याला वेडा ठरवतात, तिथे बोलण्यात अर्थ नसतो.

गुलाब देवळात गेली, मी तळ्याकडे. घरे ओळीने उभी होती. मी गुडघ्यांवर बसलो आणि एकेका घराच्या पायात डोकावू लागलो. आणि दिसला! एका तीन मजली घराच्या बुडाशी एक सपाट शिळा. तिच्यावर बोटभर जाडीचा चुना थापलेला, पण कडेला चुना निसटला होता तिथे दोन अक्षरे उघडी पडली होती. तेच वळण! तीच खोदाई! मी दोन्ही हातांनी शिळा ओढली.

ती आली. घरही आले. ते शेजारच्या घरावर कलले, शेजारचे त्याच्या शेजारच्यावर, आणि बघता बघता अख्खी आळी पत्त्यांच्या बंगल्यांसारखी लोळण घेत तळ्यापर्यंत गेली! शेवटचे घर पाण्यात पडल्याचा आवाज झाला. मला त्याचे काय! मी शिळा पायरीवर पालथी ठेवली, म्हणजे अक्षरांना धक्का नको, आणि चुना भिजवायला पाणी आणावे म्हणून तांब्या उचलला.

"अगं बाई गं! माझं घर!"

भिंतीपलीकडे बौंलीहून आलेल्या बसचे अख्खे बिऱ्हाड पुऱ्या खात बसले होते. ही आळी त्यांनी सकाळीच उभारली होती. आरोळी ठोकली ती धापूबाईने. धापूबाई दरवाज्यातून आत आली, तेव्हा दरवाजा तिला पुरेसा आहे का, अशी शंका मला क्षणभर चाटून गेली.

"बाई," मी शांतपणे म्हणालो, "ते घर नव्हतं. ती दगडांची चळत होती."

"चळत? तीन मजले होते मेल्या! खाली म्हशी, मधे आम्ही, वर धाकट्या सुनेला वेगळी खोली!"

"आता सून कुठं राहणार?" मागून कोणी तरी विचारले.

"कुठं म्हणजे? माझ्याच उरावर!"

तोंडातली पुरी न गिळता एक माणूस पुढे झाला. तो त्या बसचा कंडक्टर घीसालाल. त्याने माझ्या हातातला ब्रश पाहिला, कागदाची गुंडाळी पाहिली आणि निदान केले. "हा अतिक्रमणवाला आहे. आमच्या गल्लीत आले होते तेव्हा त्यांच्याकडेही असाच नकाशा होता. काय हो, नोटीस कुठाय?"

"मी प्राध्यापक आहे!" मी ओरडलो. "इतिहासाचा! निवृत्त!"

"बघा," घीसालाल सर्वांना म्हणाला, "हाताला काम नाही, मग घरं पाडत फिरायचं."

"मास्साब असून असं!" धापूबाईने कपाळावर हात मारला. "एवढं शिकून दुसऱ्याच्या पोटावर पाय!"

विद्वानाने अडाण्यांशी वाद घालू नये. मी तो घातला नाही. गर्दी पांगेपर्यंत खाली थांबावे, मग शांतपणे वर येऊन शिळा धुवावी, असे ठरवून मी ताठ मानेने उतरू लागलो. खालच्या दरवाज्याशी वनरक्षकाने दोन्ही हात पसरले.

"वर जा, वर जा! वाघीण बसलीय दरवाज्यात. सावलीला."

"उठवा तिला!"

"तुम्ही उठवता का, मास्साब?"

"कधी उठेल?"

"तिची मर्जी. ती उठेपर्यंत गडावरचं माणूस खाली नाही अन् खालचं वर नाही."

या गडाला इतिहासात जे वेढे पडले त्यांवरचे माझे प्रकरण अभ्यासकांत उत्तम मानले जाते. त्यात मी लिहिले आहे, की वाट तुटली की तट ढासळण्याआधी आतल्या माणसांची एकमेकांशी जुंपते. हे वाक्य मी किती तटस्थपणे लिहिले होते! आता एका बाजूला वाघीण होती, दुसऱ्या बाजूला ज्यांची घरे मी पाडली ते सगळे लोक होते, आणि मधल्या पायऱ्यांवर मी, हातात रिकामा तांब्या घेऊन.

वाघिणीची बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. धापूबाईने तिचा अर्थही लावून टाकला.

"देवीचं वाहन आलंय! घरं उभी राहिल्याशिवाय हलायचं नाही ते!"

"हा शुद्ध मूर्खपणा आहे!" मी म्हणालो. "ती सावलीला बसली आहे!"

"सावली गडावर कमी आहे का? दरवाज्यातच का बसली?"

गर्दीला हे पटले. आत्तापर्यंत माझ्यावर फक्त बौंलीची बस रागावलेली होती. आता जेवायला खाली हॉटेलात पोचायचे होते ते सगळे पर्यटकही रागावले. वीस टोप्यांचे ते टोळके सफारी संपवून दर्शनाला वर आले होते. तेही अडकले.

"काका, रचून टाका ना पटापट!"

वनरक्षकसुद्धा धापा टाकत वर आला. "मास्साब, काय लावायचेत ते दगड लावून टाका. माझी ड्यूटी संपत आलीय."

"तुम्ही सरकारी नोकर! तुम्हीही?"

"माझा विश्वास नाही हो," तो हळूच म्हणाला. "पण करून बघायला काय जातं?"

अशा रीतीने, मध्ययुगीन जलवास्तूंवरचा या प्रांतातला एकमेव अधिकारी पुरुष भर उन्हात गुडघे टेकून म्हशींचा गोठा बांधू लागला.

"भिंत वाकडी आहे!" धापूबाई डोक्यावर उभी होती. "आणि स्वयंपाकघर कुठाय?"

"बाई, हे सगळे दगड आहेत. यात स्वयंपाकघर कुठलं?"

"तेच तर विचारतेय, कुठाय?"

मी एक दगड आग्नेयेला सरकवला. ती मान डोलावून दुसऱ्या मजल्याकडे वळली. घीसालालला गॅलरी हवी होती. त्याच्या मेव्हण्याला घीसालालकडे खिडकी नको होती. माझी कामगिरी सुधारत गेली, हे मी अभिमानाने नव्हे, केवळ नोंद म्हणून लिहितो. चौथ्या-पाचव्या घरापासून माझे सांधे कोणी हलवू शकले नाही. मग नवीन संकट आले. ज्यांची घरे मी पाडलीच नव्हती, तेही रांगेत उभे राहिले!

"आमचंही एक होऊन जाऊ द्या, मास्साब. शिकल्यासवरल्या माणसाच्या हातचं."

"मी हे मानत नाही!"

"तुम्ही कुठं राहायचंय त्यात?"

टोप्यांपैकी एकाने गाडी ठेवायला जागा मागितली. मी ठेवली.

शेवटचा दगड बसला आणि खालून आरोळी आली, "गेली! गेली!" वाघीण उठून सांबराच्या मागे खालच्या, जंगलातल्या तळ्याकडे निघून गेली होती. सांबराचा उल्लेख कोणीही केला नाही. धापूबाईने माझ्या पाठीत अशी थाप मारली, की चष्मा नाकावरून ओठावर आला.

"बघितलंत? शिका जरा!"

मी धावत शिळा ठेवलेल्या पायरीकडे गेलो. पायरी रिकामी होती.

पायरीच्या पलीकडे, पिंपळाच्या सावलीत, गुलाब हात जोडून बसली होती. तिच्यासमोर एक घर होते. आटोपशीर, दोन खोल्यांचे, पुढे ओसरी. दिवसभरात मी जेवढी बांधली त्यांतल्या कोणत्याही घराहून देखणे. त्याच्या पायात माझी शिळा होती. पालथी.

"गुलाब! हे काय?"

"घर."

"खालचा दगड कुठून आणलास?"

"पायरीवर पडला होता. चुना लागलेला, सपाट. मी धापूबाईंना विचारलं, कुणाचा आहे का. त्या म्हणाल्या, पायाला लाखात एक आहे, घे."

"तो शिलालेख आहे! माझा शिलालेख! सोमवारी मला त्याचा ठसा ठेवायचा आहे!"

"असेल," गुलाब म्हणाली. "पण आता त्याच्यावर घर आहे."

"काढ ते!"

माझ्यामागे सगळे जमले होते.

"मास्साब," धापूबाईने विचारले, "काय म्हणालात?"

घीसालाल बाह्या वर करू लागला. गुलाबने त्याला हाताने थांबवले.

"अडवू नका त्यांना," ती म्हणाली. "काढा ना. मी कुठं नाही म्हणतेय? दुपारपासून गावाची घरं बांधलीत. आमचं तेवढं एक पाडा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी उत्तर दिले असते. मी वाकलो. राणी आणि सावकार यांच्यामधला सगळा वाद माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर, पालथा, चुन्याखाली पडला होता. मी हात पुढे केला. ओसरीवरचा एक खडा जरा कलला होता. तो मी सरळ बसवला आणि उठलो.

"मास्साब सुधारले!" घीसालाल म्हणाला.

सोमवारी टेबलापासून चहा खरोखरच लांब ठेवला होता.

"ठसा, पारीकजी?"

"पुरावा सापडला आहे," मी म्हणालो. "परंतु सध्या त्यावर घर आहे."

"अतिक्रमण?"

"कौटुंबिक."

प्रकरण मी मागे घेतले. भंडारी हसले, आणि मग हळूहळू हसायचे थांबले. कारण पुरावा आहे म्हटल्यावर तो आपल्याही विरुद्ध असू शकतो, एवढे गणित त्यांना येते. गुलाबचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या दिवशी खऱ्या घराची किल्ली हातात पडेल, त्या दिवशी ती स्वतः गडावर येऊन एकेक दगड उतरवील आणि शिळा धुऊन देईल. तेव्हा तळे राणीने बांधले की सावकाराने, या प्रश्नाचा निर्णय आता गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीवर येऊन ठेपला आहे. गेल्या सोडतीत आमचे नाव निघाले नाही.

भंडारींना आता झोप येत नाही. काल त्यांनी स्वतः एका फ्लॅटची जाहिरात कापून पाठवली, कर्ज देणाऱ्या आपल्या साडूच्या पत्त्यासह. चांगला फ्लॅट आहे, तळमजल्यावर.

गुलाबला वरचा मजला हवा आहे.