पुलावरून खुर्ची नेण्याच्या तथाकथित प्रथेविषयी

‘या शहरात विवाहाच्या आदल्या दिवशी वधू आणि वर एक खुर्ची दोघांनी मिळून उचलतात आणि नदीवरील पुलावरून पलीकडे नेतात. ही प्रथा अतिशय प्राचीन असून आजही श्रद्धेने पाळली जाते.’

नगरपालिकेने प्रसिद्ध केलेल्या वारसा-पुस्तिकेच्या अकराव्या पानावर हा मजकूर आहे. वाक्ये दोन आणि चुका, मी मोजल्या त्याप्रमाणे, पाच. पहिली म्हणजे पूल एकसष्ट वर्षांपूर्वी बांधला गेला. तेव्हा प्रथा अतिशय प्राचीन असेल, तर आपले पूर्वज डोक्यावर खुर्ची घेऊन गळ्याइतक्या पाण्यातून चालत गेले असे मानावे लागेल, आणि पूर्वजांविषयी मला इतका आदर नाही. दुसरे, विवाहाच्या आदल्या दिवशी वधू आणि वर सहसा एकमेकांशी बोलण्याच्या अवस्थेतही नसतात. मिळून खुर्ची उचलणे ही फार पुढची गोष्ट. तिसरे, ‘आजही पाळली जाते’. चौतीस वर्षे मी येथील महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर दोनेकशे लग्नांना हजर राहिलो. त्यांत मी खुर्च्या मोडताना पाहिल्या, अडवून धरलेल्या पाहिल्या, एकदा तर खुर्चीसकट पाहुणा उचलून नेलेलाही पाहिला. पुलावर मात्र एकही गेली नाही. श्रद्धा कोणाची, हे पुस्तिका सांगत नाही. आधार म्हणून तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘स्थानिक सर्वेक्षणावरून’ असे दोन शब्द आहेत. त्या सर्वेक्षणाचे परीक्षण पूर्वी मीच लिहिले होते, आणि त्यात म्हटले होते की माहिती देणाऱ्यांची निवड अशी केली आहे, जणू रस्त्यात जो प्रथम भेटला तोच शहराचा आत्मा!

एरवी मी त्या पुस्तिकेकडे ढुंकूनही पाहिले नसते. माझी लिहायची वेताची खुर्ची एका पायाने आखूड आहे, आणि पुस्तिका चार घड्या घालून त्या पायाखाली उत्तम बसली होती. तेवढी तिची उपयुक्तता मला मान्य होती. परंतु प्रश्न माझ्या मुलीच्या लग्नाचा होता.

मुलगी आणि तिचा नियोजित वर दोघेही दूरच्या मोठ्या शहरात नोकरी करतात. मित्रमंडळी तिकडची, आणि वराच्या आईवडिलांनी गाड्या लावायला प्रशस्त जागा असलेले एक सभागृहही तिकडेच पाहून ठेवले होते. मुलीचे म्हणणे इतकेच, की लग्नात या शहराचे असे काही असेल तरच एकशेवीस माणसांना इकडे ओढून आणण्यात अर्थ आहे. नाहीतर तिकडचे सभागृह काय वाईट?  यावर माझ्या पत्नीने घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या. एकुलत्या एका मुलीच्या लग्नात परक्या शहरी पाहुण्यासारखे जाऊन बसायचे, की तिला या घराच्या दारातून बाहेर पडताना पाहायचे, हा प्रश्न त्या गाद्यांवर पडून होता.

मग नियोजिका आली. लग्ने आखून देणे हा तिचा व्यवसाय. हातात रंगीत पट्ट्या लावलेली फाइल आणि तोंडात ‘लोकल टच’ हा शब्द. तिने अकरावे पान उघडून मुलीपुढे ठेवले, आणि मुलीचा चेहरा असा उजळला, की लग्न इथेच होणार हे पाच मिनिटांत ठरून गेले. पत्नीने गाद्या आत घेतल्या.

मी शांतपणे जाहीर केले की हे थोतांड मी चार दिवसांत उघडे पाडीन.

“पाडा ना बाबा,” मुलगी म्हणाली. “पण मग लग्न तिकडे. खुर्ची नाही, तर इथे आहे काय?”

इथे काय आहे! मी तिला तत्काळ आठ अस्सल पर्याय लिहून दिले. त्यांत पुराची पातळी कोरलेला दगड होता, आणि दोन पेठांमध्ये एकोणीस वर्षे चाललेला सीमेचा वादही होता. सीमेचा वाद लग्नात नेमका कुठे बसवायचा, असे तिने विचारले. दोन्ही व्याह्यांच्या मध्ये, असे मी सुचवले. तिने कागदाची घडी घालून मला परत दिली.

पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, शोधा तुम्ही. तुम्हाला आवडतं शोधायला.” आणि जाता जाता विचारले, “खुर्ची हलते का हो अजून?”

मी म्हटले, पुस्तिका खाली घातल्यापासून हलत नाही. संशोधनाच्या ऐन भरात माणसाला घरातले प्रश्न ऐकू येतात, पण समजत नाहीत.

पहिला साक्षीदार न्हावी. प्रश्न ऐकताच त्याने सांगितले की त्याच्या आजोबांनी खुर्ची नेली होती, आणि तीही उलटी धरून, कारण उलटी नेण्याचाच मान असतो. आजोबा कधी वारले, हे मी विचारले. पूल होण्याच्या दहा वर्षे आधी, असे निघाले. वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून तो बराच वेळ विचारात पडला.

“मग नावेतून नेली असेल, सर.”

वस्तरा तिथे असेपर्यंत ही उपपत्ती ग्राह्य धरणे मला भाग होते.

न्हाव्याकडून गोष्ट सुताराकडे गेली. सुताराने तिच्यात भर घातली की लग्नाच्या खुर्चीला हात नसावेत. हात असले की संसारात वाद होतात. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानाबाहेर बिनहातांच्या चार खुर्च्या पॉलिश करून मांडलेल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी मी पुलावर गेलो, तर दोन अनोळखी जोडपी सराव करीत होती आणि चढाच्या बाजूला मुलाने राहायचे की मुलीने, यावर बघ्यांत दोन पक्ष पडले होते. जी प्रथा सोमवारी अस्तित्वात नव्हती, तिच्यात बुधवारी पंथभेद झाले. इतिहासात मला असा वेग अन्यत्र आढळलेला नाही.

तिकडे होणारा जावई वेगळ्याच मार्गाने चालला होता. तो उद्वाहनांची, म्हणजे लिफ्टची, सुरक्षितता तपासणारा अभियंता. कोणतीही गोष्ट वजन आणि उंची यांत मांडल्याशिवाय त्याला झोप येत नाही. त्याने फोनवर मला आदराने विचारले की मूळ खुर्चीचे वजन किती असे, कारण राहत्या इमारतीच्या चार मजल्यांवर तो जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन रोज दोनदा चढ-उतार करत होता. शेजाऱ्यांना तो घर सोडून चालला आहे असे वाटून दोघांनी निरोपही दिला होता. मी म्हटले, खुर्चीच नव्हती, तर वजन कुठले? 

“काका, तरी साधारण?”

गुरुवारी मी नगरपालिकेला चौदा पानांचे खंडन सादर केले. पुलाच्या बांधकामाचे दाखले दिले, नावाड्यांच्या नोंदी दिल्या, तेवीस तळटीपा जोडल्या. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. नगरपालिकेचा असा वेगही मला अन्यत्र आढळलेला नाही. मुख्याधिकाऱ्यांनी मनःपूर्वक आभार मानले होते. या प्रथेवर आजवर दोनच वाक्ये उपलब्ध होती. माझ्या व्यासंगामुळे आता चौदा पाने झाली, आणि ती त्यांनी अभिमानाने नोंदवून घेतली होती. पुलाच्या तोंडाशी फलकही लागला. त्यावर पुस्तिकेतला तोच मजकूर, आणि खाली माझे नाव, सर्व पदव्यांसकट, ‘अधिक माहितीसाठी’ या शब्दांपुढे.

त्या फलकासमोर मी किती वेळ उभा होतो, हे सांगणे कठीण आहे. एवढे आठवते की एका जोडप्याने मला खुर्ची क्षणभर धरायला सांगितली आणि मी ती धरली.

आता एकच मार्ग उरला होता. सर्वेक्षणाच्या मूळ वह्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कपाटात आहेत, आणि ते सर्वेक्षण ज्याने तरुणपणी दारोदार फिरून केले, तोच पुढे तिथे ग्रंथपाल झाला. माझे परीक्षण छापून आल्यापासून त्याने मला हवे असलेले प्रत्येक पुस्तक ‘बाहेर गेले आहे’ असे सांगितलेले आहे. परीक्षण लिहिताना मी सर्वेक्षणाचा पहिलाच खंड वाचला होता आणि खुर्ची दुसऱ्या खंडात होती, हे मी इथे मान्य करतो. परीक्षणकर्त्यांमध्ये ही प्रथा मात्र खरोखरच प्राचीन आहे.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे गेलो. मी, मुलगी, खास त्यासाठी आलेला जावई, फाइलसह नियोजिका. पत्नीही निघाली. चौतीस वर्षांच्या संसारात ती माझ्याबरोबर कधी ग्रंथालयात आली नव्हती. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. निघण्यापूर्वी मी सर्वांसमक्ष अट घालून घेतली, की मूळ नोंद खोटी ठरली तर खुर्ची रद्द. मुलीने मान्य केले. मान्य करताना तिने खिडकीबाहेर पाहिले, आणि मला प्रथमच वाटले की या वादात मी जिंकू शकतो, ही गोष्ट तितकीशी चांगली नाही.

ग्रंथपालाने वही काढली, चष्मा पुसला आणि सावकाश वाचायला सुरुवात केली.

“नोंद दोनशे सात. स्थळ, पूल, मधोमध. माहिती देणारे, एक सुशिक्षित तरुण. नाव सांगण्यास नकार.”

“बेनामी!” मी म्हटले. “लिहून घ्या.” नियोजिकेने लिहून घेतले.

“नुकताच विवाह झालेला. सोबत पत्नी. दोघांनी मिळून एक खुर्ची उचललेली. खुर्ची वेताची. एक पाय आखूड, त्याला सुतळी गुंडाळलेली.”

नियोजिकेची लेखणी थांबली. मुलीने माझ्याकडे पाहिले. मुलगी त्या खुर्चीत बसून अक्षरे गिरवायला शिकली. सुतळी अजून आहे.

पत्नीने अतिशय साध्या आवाजात विचारले, “मी काय म्हणाले, ते लिहिलंय का हो?”

“नाही, वहिनी,” ग्रंथपाल म्हणाला. “‘पत्नी हसत होत्या’ एवढंच आहे.”

दुसऱ्यांच्या तारखा मी कधी विसरलो नाही. स्वतःची ती संध्याकाळ मात्र चौतीस वर्षांनी, तीही दुसऱ्याच्या हस्ताक्षरातून, माझ्यापुढे उभी राहिली. हातगाडीवाला आला नव्हता. नवे बिऱ्हाड पुलापलीकडे, आणि सामान म्हणाल तर ही एक खुर्ची. मी महाविद्यालयात नुकताच रुजू झालेलो, आणि प्राचार्य रोज त्याच वेळी पुलावर फिरायला येत. शिकवणाऱ्या माणसाने बायकोसह रस्त्यातून खुर्ची वाहून न्यावी, याची मला भयंकर लाज वाटत होती. अशात समोरून एक वहीवाला पोरगेला तरुण आला आणि त्याने कुतूहलाने विचारले की हे काय चालले आहे. गरीब दिसण्यापेक्षा परंपरानिष्ठ दिसलेले बरे, असे त्या क्षणी मला वाटले असावे.

“तुला माहीत होतं?” मी पत्नीला विचारले.

“पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही चौदा पानं त्याच खुर्चीत बसून लिहीत होतात. म्हटलं, होऊ द्या लिहून.”

 चौतीस वर्षांचा हिशेब ग्रंथपालाने केवळ वही माझ्या दिशेने फिरवून चुकता केला.

“मग बाबा,” मुलगी म्हणाली, “ही प्रथा खरी की खोटी?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. जावई तर श्वास रोखून उभा होता. मी तिला अभ्यासकाचे उत्तर दिले. एक प्रसंग समकालीन नोंदीने सिद्ध आहे. सहभागी दोन्ही व्यक्ती हयात आहेत. वस्तू उपलब्ध आहे. याहून कमी पुराव्यावर मी चौतीस वर्षे तास घेतले.

“वजन किती आहे, काका?” जावयाने विचारले.

लग्न इथेच झाले. आदल्या दिवशी दोघांनी माझीच खुर्ची नेली. चढाच्या बाजूला मुलगी होती, आणि मागून चालणाऱ्या एकशेवीस माणसांत सुतार, न्हावी आणि मुख्याधिकारीही होते. खुर्ची परत येईपर्यंत पुढचे काही दिवस मी घरी उभ्यानेच लिहीत होतो, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

निमंत्रणपत्रिकेवर या प्रथेची माहिती माझ्या शब्दांत हवी, असा नियोजिकेचा हट्ट होता. मी नवीन एक अक्षरही लिहायला नकार दिला आणि मूळ नोंदीतले निवेदन जसेच्या तसे, कानामात्रेचा फरक न करता, छापायला लावले. ते असे आहे:

“हो, हो, आमच्याकडे लग्न झालं की दोघांनी मिळून एक खुर्ची पुलावरून न्यावीच लागते. फार जुनं आहे हे. का, ते विचारू नका. आणि जरा बाजूला व्हा, हिचे हात भरून आलेत.”