पाचवी पायरी

दस्तगीर कुणाच्याही घराच्या पायऱ्या डोळे मिटून चढत असे.

खाली क्षणभर थांबायचा, डोळे मिटायचा, हात मोकळे सोडायचा आणि चढायला लागायचा. वर पोचला की डोळे उघडून आधी रामराम नाही, सलाम नाही, पायऱ्यांचा निकाल. "तिसरी अर्ध्या बोटानं उंच हाय." सांगलीतल्या एका वकिलाच्या दारात त्याला असा डोळे मिटून उभा पाहून वकिलीणबाईंना वाटलं, फकीर आलाय. त्यांनी पसाभर जोंधळे आणले. यानं ते रुमालात बांधून घेतले आणि म्हणाला, "काकी, दुसरी पायरी आत झुकलीया, पावसाचं पानी दाराशी येत आसंल." पाणी खरंच येत होतं. ते जोंधळे म्हणजे आपली पहिली फी, असं तो पुढं सगळ्यांना सांगायचा.

मी त्याच्यावर अजून रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याचं कौतुक करायला लागलो तर कुणी मला भोळा समजू नये.

मी सांगलीच्या हळद बाजारातला व्यापारी. उंब्रजहून आलो तो अंगावरच्या सदऱ्यानिशी. आधी पोती वाहिली, मग मोजली, मग विकत घेतली. आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. त्या रुमालाखाली मी भल्याभल्यांना घाम आणलाय. भावांशी भांडून गाव सोडलं तेव्हा पुन्हा त्या गावचं पाणी पिणार नाही म्हणून आलो होतो, आणि वीस वर्षं प्यायलो नव्हतो.

लढाई संपून वर्ष झालं असेल. एक काटकुळा पोरगा बगलेत कागदाची लांब सुरळी घेऊन पेढीच्या पायऱ्या डोळे मिटून चढला.

"तात्या, मी दस्तगीर. उंब्रजच्या अमीन गवंड्याचा."

अमीन गवंडी! लहानपणी आम्ही दोघं एकाच डोहात उड्या मारलेल्या. "बाप कसा हाय रं?" मी विचारलं.

"बरा हाय."

"कामावर जातोय?"

"आता घरीच आसतुय."

मी पुढं विचारलं नाही. गावचं फार विचारायचं नाही, ही माझी रीत.

"मुंबैला आर्किटेक्टचं शिकतुय," तो म्हणाला. "शेवटचं वरीस. तुमी घर बांधताय म्हनं. मला काढू द्या."

मी त्याला हाकलणारच होतो. पण त्यानं सुरळी उलगडली. शाईनं काढलेलं एक घर होतं, आणि त्या कागदावर ऊन पडलेलं होतं. खरंच पडलंय म्हणून मी मागं वळून खिडकीकडं बघितलं. खिडकी बंद होती. ते ऊन त्यानं रंगाच्या पाण्यानं काढलं होतं, दुपारी चारचं. ओट्यावर सावली कुठपर्यंत येईल, तेसुद्धा.

सुरळीत आणखी एक कागद होता. परीक्षेसाठी त्याच्या वर्गातल्या पोरांनी सिनेमागृहं काढली होती, बँका काढल्या होत्या. यानं उंब्रजच्या मोटार-स्टँडवरची शेड काढली होती. बाजारच्या दिवशी डोक्यावर पाट्या घेऊन बायका येतात, त्यांच्यासाठी. शेडच्या कडेनं खांद्याएवढ्या उंचीचा एक कट्टा होता.

"ह्यो कशाला? ह्याच्यावर कोन बसनार? वानर?"

"बसायला न्हाई, तात्या. डोक्यावरचं वझं सरळ सरकवून ठेवायला. कुनाला 'जरा हात लावा' म्हनायला नको. मास्तर हसलं. मार्कबी कमी दिलं."

मी हसलो नाही. मी नऊ वर्षं पाठीवर पोती वाहिलेली आहेत. उतरवून घ्यायला माणूस नसला की भिंतीला पाठ टेकून, गुडघे थरथरत उभं राहावं लागतं. त्या कट्ट्याकडं मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. हे पंचविशीच्या आतल्या पोराला कुणी सांगितलं होतं?

तरी सौदा म्हणजे सौदा. मी रुमाल काढला आणि त्याखाली हात पुढं केला. दस्तगीरनं हात घातला. मी दोन बोटं दाबली. तो माझी बोटं चाचपू लागला, मग पंजाची रुंदी, मग मनगट. मला कळेना हा कसला आकडा.

"लय रुंद पंजा हाय," तो म्हणाला. "दाराची कडी मोठी लागंल."

आख्खी पेढी हसली. रुमालाखाली माझ्या हाताचं माप घेणारा पहिलाच माणूस!

पैसे त्यानं मागितलेच नाहीत. दोन अटी घातल्या. नकाशातलं माप बोटभरही हलवायचं नाही, आणि दाराशेजारी त्याच्या नावाचा तळहाताएवढा दगड बसवायचा. मुंबईच्या एका मोठ्या कचेरीत त्याला घ्यायला तयार होते. एकच म्हणणं होतं, आधी स्वतः बांधलेलं एक घर दाखव, नकाशासकट, हुबेहूब. इतका स्वस्त सौदा मी जन्मात केला नव्हता. लगेच रुमाल झटकला, म्हणजे सौदा पक्का.

मग सुरू झाला तमाशा. माधवनगरच्या रस्त्याला माझी जागा होती. एका सकाळी दस्तगीरनं तिथं चुन्याच्या फक्कीनं सगळं घर जमिनीवर काढलं, खऱ्या मापाचं. खोल्या, दारं, कोनाडे, सगळं. आणि म्हणाला, "आता एक दिवस ह्यात राहून दावा."

"ह्यात? आरं, उघडं रान हे."

"आदी राहून बघा, तात्या." हे त्याचं पालुपद. घर असो, खुर्ची असो, टांगा असो, 'आदी राहून बघा', 'आदी बसून बघा'.

आमच्या घरच्यांना, म्हणजे बायकोला, हे फार आवडलं. तिनं चुन्याच्या स्वयंपाकघरात खरी चूल मांडून भाकरी केल्या. मी माजघरातून तिच्याकडं पाणी मागायला सरळ गेलो, तर हा ओरडला, "तात्या! भित्तीतनं आलासा!"

"कुठं हाय भिंत?"

"पायाखाली बघा."

मला मागं जाऊन, फिरून, दारातून यावं लागलं. रस्त्यावर बघ्यांची गर्दी. टांगेवाले टांगे थांबवून विचारत, "शेठ, संडासात हुबं का ऱ्हायलाय?" मी संतापून चुन्याच्या खिडकीतून शिव्या दिल्या. दस्तगीर शांतपणे म्हणाला, "बघा, रस्त्यावरचं आतनं चांगलं ऐकू येतंय. खिडकी दोन हात सरकवूया." त्यानं पायानं रेघ पुसली आणि नवी ओढली. संध्याकाळपर्यंत चार भिंती हलल्या. आमच्या घरच्यांची पाठ भाकरी थापताना उन्हाकडं येते म्हणून चूलही फिरवली. मी पंधरा वर्षं तिच्यासमोर जेवतोय, पण तिची पाठ उन्हात असते हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

एकाच गोष्टीवर मात्र तो अडून बसला. ओट्याच्या पायऱ्या. "पाच. सहा-सहा इंचाच्या. ह्यात घासाघीस न्हाई, तात्या." हे त्यानं मला तीनदा सांगितलं. कागद सांगलीतल्या गवंड्याच्या हातात देऊन तो मुंबईला परीक्षेला गेला.

आता माझी बाजू ऐका. माझ्या समोर एका गुळाच्या व्यापाऱ्याचं घर आहे. जोतं बांधून झालं तेव्हा तो त्याच्या ओट्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, "ओटा जरा खाली राहिला हो तुमचा." खाली! पोती वाहणाऱ्याचा ओटा खालीच राहायचा, असं त्याला म्हणायचं होतं, आणि ते मला बरोबर ऐकू आलं. मी मोजलं. तो माझ्यापेक्षा दोन इंच वर होता. मी त्याच दिवशी ओट्यावर तीन इंच जाडीच्या काळ्या दगडाचा थर चढवला. फक्त तीन इंच. पायऱ्यांना हात लावला नाही, अट पाळली. एवढंच झालं, की ओट्यावर नेणारी शेवटची पायरी सहाऐवजी नऊ इंचांची झाली.

वास्तुशांतीला दस्तगीर आला. परीक्षा पास झाला होता. नवा पांढरा सदरा, हातात नकाशा. मांडवात सगळा बाजार बसलेला. दाराशेजारी त्याचा दगड मी बसवला होता. त्यानं तो लांबूनच बघितला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला आपलं स्वतःचं लग्न आठवलं. मग तो पायऱ्यांशी आला. डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार. आणि पाचवीला पाय अडकून सगळ्यांसमोर तोंडावर आपटला.

गुळाचा व्यापारी मोठ्यानं हसला. दस्तगीर उठला. ओठातून रक्त येत होतं. त्यानं खिशातून फूटपट्टी काढून पायरी मोजली. माझ्याकडं बघितलं.

"तात्या, माझ्या नावाचा दगड काढा. ह्ये घर माझं न्हवं."

एवढं बोलून तो गेला. पंगत मांडलेली असताना, न जेवता. माझ्या वास्तूत! माझा राग आहे तो हा. मी भर मांडवात ओरडलो, "तीन इंचासाठी? जा, पुन्हा दारात येऊ नकोस!" आणि दगड उपटून काढला.

त्यानंतर माझ्या ओट्यावर जो येईल तो ठेचकाळू लागला. पोस्टमन, भटजी, मेव्हणे. हळद घ्यायला आलेलं मद्रासचं मोठं गिऱ्हाईक फेट्यासकट आडवं झालं. आमच्या घरच्यांच्या गुडघ्याला दोनदा लागलं. दस्तगीर मुंबईला नोकरीला गेलाच नाही, असंही कानावर आलं. दाखवायला घर नव्हतं. उंब्रजला बसून गुऱ्हाळांच्या छपरांचे नकाशे काढून देतोय म्हणे.

वर्षभरानं एकदा जेवताना घरच्या म्हणाल्या, "वास्तूतनं माणूस उपाशी गेलाय. जाऊन घेऊन या."

"मी? त्या गावात?"

"मग मी जाते लंगडत."

गेलो. भांडायला म्हणूनच गेलो. मोटारीत बसून सगळी वाक्यं तयार केली. अमीनच्या भाड्याच्या खोलीमागं मोकळी जागा आहे, तिकडं गेलो आणि पाय थबकले. तिथं जमिनीवर विटांचा एकच थर मांडून एक घर आखलेलं होतं. भिंती घोट्याएवढ्या. माजघर, स्वयंपाकघर, रस्त्याकडची दोन हात सरकवलेली खिडकी. ते माझं घर होतं. पुढं मात्र खऱ्या दगडाच्या पायऱ्या होत्या, पाच, आणि पाचवीच्या पातळीला हातभर रुंद ओटा. एक म्हातारा त्या चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. हात मोकळे, डोळे उघडे, पण बुबुळांवर पांढरं.

"अमीन!" मी म्हणालो आणि विटांवरून पलीकडं गेलो.

"आरं आरं, दारातनं ये. भित्तीवर पाय दिऊ नगंस," म्हातारा म्हणाला, आणि मग आवाज ओळखून, "तात्या का? आरं गड्या!"

मी मागं गेलो. दारातून आलो. चपला बाहेर काढल्या.

"डोळ्याला काय झालं रं?"

"चुना. भिजत घातलेला चुना उसळला, दोन्ही डोळ्यांत. सात वर्सं झाली. पोरगं शिकाय गेलं त्याच्या आदी. तवापासनं ते डोळं मिटून चालतंय. बघतंय, आपला बा कुठं आडकंल." तो हसला. "ह्ये तुझंच घर हाय, वळाकलास का? पोरानं बांधलेलं पयलं घर. मी मनलं, मला दाव. तर मनलं, 'अब्बा, काठी न घेता चढायचं. आदी पायऱ्या पाठ करा.' वरीस झालं पाठ करतुय. आता झोपंतबी चढीन. पर ह्यो न्हेतच न्हाई. इचारलं की मनतो, 'तात्यांचं जरा काम ऱ्हायलंय.'"

तयार केलेलं एकही वाक्य कामाला येईना.

"ऱ्हायलंय व्हय रं काय?"

"व्हय," मी म्हणालो. "ऱ्हायलंय थोडं. आठ दिवसांत हुतंय."

दस्तगीर रानात गेला होता. त्याला न भेटताच मी निघालो. निघताना मात्र अमीनच्या माठातलं तांब्याभर पाणी प्यायलो.

ओट्यावरचा तीन इंचांचा थर मी उभा राहून फोडून घेतला. समोरच्या ओट्यावरून गुळाचा व्यापारी म्हणाला, "खाली घेतला हो शेवटी?" मी म्हणालो, "घेतला. तुमचाही घ्या. कुणी आंधळा यायचा तुमच्याकडं एखाद्या दिवशी." त्याला कळलं नाही. नावाचा दगड पेढीच्या फडताळात होता, तो पुन्हा बसवला, आणि काम पुरं झालं असं कळवून दोघांना जेवायचं बोलावणं धाडलं.

दोघं टांग्यातून उतरले. दस्तगीरनं बापाला पायऱ्यांशी आणून उभं केलं, हात सोडला आणि दोन पावलं मागं सरला. त्यानं ओट्याकडं बघितलंच नाही. डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते.

अमीन चढू लागला. काठी नव्हती. एक. दोन. तीन. मी वर दारात उभा होतो. चार. पाचवीवर त्याचा पाय जितका उचलायला हवा होता तितकाच उचलला गेला, आणि ओट्यावर टेकला. दुसरा पाय पुढं चाचपडला, सपाट लागलं.

"बास?" त्यानं विचारलं.

"बास, गड्या," मी म्हणालो. "आलास."

त्यानं हात लांब करून चौकट शोधली. गवंड्याचा हात, सरळ ओळंब्यात फिरवल्यासारखा खाली उतरला, दगडापाशी थांबला, आणि कोरलेल्या अक्षरांवरून सावकाश जायला लागला.

खाली दस्तगीरनं डोळे उघडले. बापाच्या चपला पहिल्या पायरीशी राहिल्या होत्या, त्या उचलून हातात घेतल्या. सांगलीतल्या एकूण एक पायऱ्या डोळे मिटून चढणारा हा पोरगा त्या दिवशी माझ्या पायऱ्या उघड्या डोळ्यांनी चढला.